आईला फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय, चार डॉक्टर चार गोष्टी सांगताहेत, हे सगळं जुळवायचं कसं?

चोपडेकर_पुण्यात

राम राम मंडळी. गाव चोपडा तालुक्यात, मी पुण्याला नोकरीला, भाऊ गावी शेती बघतो, बहीण सुरतला दिलेली. आई ५९ वर्षांची, बिडी-तंबाखूला आयुष्यात हात लावला नाही पण चुलीत पऱ्हाटी जाळून स्वयंपाक केलाय वर्षानुवर्षं. दिवाळीपासून खोकला होता, एक्स-रेत डाग दिसला म्हणून टीबी धरून गोळ्या चालू झाल्या, बेडक्यात जंतू काही सापडले नव्हते. खोकला थांबेना, वजन उतरत गेलं, मग छातीत पाणी झालं. ते काढलं, सीटी झाला, बायोप्सी झाली आणि रिपोर्टमध्ये आलं ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचाच एक प्रकार.

आता जळगावचे छातीचे डॉक्टर म्हणतात आधी पेट स्कॅन, आजार अंगात कुठवर पसरलाय ते बघायला, कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात सोमवारपासून केमो चालू करू, मामा म्हणतात थेट मुंबईला टाटा हॉस्पिटलला न्या, आणि टीबीच्या गोळ्यांचं काय करायचं ते कोणीच बोलत नाहीये. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने बघितलेलं नाही. सीटीची सीडी भावाकडे, बायोप्सीचा रिपोर्ट माझ्या व्हॉट्सॲपवर, जुने एक्स-रे कपड्याच्या दुकानाच्या पिशवीत घडी पडलेले. रोज रात्री तिघं भावंडं फोनवर बसतो आणि रोज वेगळं ठरतं. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, सुरुवात कुठून करू? रेशन कार्ड केशरी आहे.

रावेरचा_केळीवाला

भाऊ, माझ्या वडिलांचं केलंय मी हे सगळं म्हणून सांगतो, पहिले तिघांपैकी एकाला पुढे करा. डॉक्टरशी बोलणार तो एकच, बाकीच्यांनी त्याला विचारायचं. शेतीवाला भाऊ रोज आईजवळ आहे म्हणजे त्यानेच करावं असं काही नाही, ज्याला रिपोर्ट वाचता येतात आणि फोनवर नीट बोलता येतं त्याने करावं, आईला नेणं-आणणं खाणंपिणं हे भावाकडे, पैसे आणि योजनेचे कागद बहिणीकडे द्या, सुरतहूनही फोनवर होतं ते.

दुसरं म्हणजे फाइल. बाजारात कप्प्यांची प्लास्टिकची फाइल मिळते, तारखेप्रमाणे लावा, जुनं खाली नवं वर. सगळ्यात वर एक कागद हाताने लिहून ठेवा, आजार काय, कोणत्या तारखेला काय झालं, आत्ता कोणत्या गोळ्या किती चालू, शुगर-बीपी आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी. डॉक्टर आधी तोच कागद वाचतात हे मी बघितलंय, ओपीडीत त्यांच्याकडे वेळच किती असतो. सीडीच्या दोन कॉपी काढून ठेवा, एक कुठंतरी राहतेच.

टाटाला न्यायचं ठरलं तर तिथे 'केवट' म्हणून माणसं आहेत, पेशंटला कुठे जायचं काय करायचं ते सांगायला शिकून तयार झालेली, त्यांना विचारायला लाजू नका. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे गर्दी असते, आधी चौकशी करून निघा. आणि संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल पण डोक्यात ठेवा, आपल्याकडून मुंबईपेक्षा बरंच जवळ आहे, अजिंठ्याच्या रस्त्याने दिवसात जाऊन येणं होतं.

सिस्टर_धुळे

दादा, मी केमोच्या वॉर्डात काम करते. तुमच्या डॉक्टरांचं मी काही ठरवू शकत नाही पण सोमवारच्या आत त्यांना एवढं विचाराच. बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ आणि पीडी-एल१ या टेस्ट पाठवल्यात का? कोणतं औषध लागू पडेल ते त्यावरून कळतं. आपल्या देशात ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या एका पेशंटला तरी ईजीएफआरचा बदल सापडतो, बिडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांत तर जास्तच. तो सापडला तर सुरुवात सलाइनच्या केमोने नाही, रोजच्या गोळीने होऊ शकते. रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे लागतात, आईला दम फार नसेल तर थांबता येईल का ते स्पष्ट विचारा. कधीकधी दम इतका असतो की थांबणं बरोबर नसतं, ते डॉक्टरच बघून ठरवतील.

त्यासाठी लॅबमधून मेणाचा ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो तो) आणि स्लाइड्स लेखी अर्ज देऊन घ्या, नुसता रिपोर्ट नाही. मोठ्या हॉस्पिटलात तेच परत तपासतात. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. तुकडा लहान असेल तर पॅथॉलॉजीवाल्यांना सांगा की बाकीच्या तपासण्यांत सगळा संपवू नका. छातीतल्या पाण्याचा रिपोर्टही मागून घ्या, त्यात कॅन्सरच्या पेशी आल्या असतील तर आजार चौथ्या स्टेजचा धरतात आणि ऑपरेशनचा विषय बहुतेक मागे पडतो, म्हणजे मामा ऑपरेशनसाठी पळवत असतील तर हा कागद आधी बघा.

टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं. ईजीएफआरच्या गोळ्यांचा असर त्याने कमी होतो. म्हणून टीबीचं कार्ड फाइलमध्ये वरच लावा, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा, आणि गोळ्या बंद करायच्या की नाही ते छातीच्या डॉक्टरांनीच सांगायला पाहिजे, मनाने बंद करू नका. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर तीही सांगा, यातल्या काही औषधांना ती चालत नाही.

हे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतील तर तुम्ही त्यांना बोलायला लावा, 'साहेब, त्यांना दोन ओळी लिहून द्या' म्हणा, लेटरहेडवर लिहून देतात. मोठ्या सेंटरला ट्यूमर बोर्ड असतो, सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले एकत्र बसून केस बघतात, पहिल्यांदा तरी तिथे दाखवून प्लॅन लिहून आणावा असं माझं प्रामाणिक मत आहे. नंतरचे डोस जवळ घेता येतील का ते तिथेच विचारायचं.

नंदुरबार_लाइन

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण मंजुरी आधी घ्यावी लागते. आधी खिशातून भरलं आणि मग बिल लावलं असं चालत नाही, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा, आधार आणि रेशन कार्डावर आईचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, आमचं तिथेच अडकलं होतं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून सही-शिक्का घेऊन काढायचा.

चोपडेकर_पुण्यात

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलंय, डॉक्टरांशी मी बोलणार. भाऊ उद्या ब्लॉकसाठी अर्ज देतोय, बहिणीने आधारची दुरुस्ती हाती घेतली. अजून दोन गोष्टी. गावात रात्री त्रास झाला तर काय करायचं, चोपड्याला कॅन्सरचा डॉक्टर नाही. आणि आईला अजून 'गाठ आहे' एवढंच सांगितलंय, पुढे बोलायचं धाडस होत नाही कोणाचं.

सिस्टर_धुळे

गावच्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आत्ताच सगळी फाइल दाखवून ठेवा, रात्री पहिला फोन त्यांनाच जाणारे. केमो चालू झाल्यावर ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच हॉस्पिटल गाठायचं. दम एकदम वाढला, थुंकीत रक्त आलं, बोलणं बदललं तरी तसंच. घरात थर्मामीटर आणि बोटाचं ऑक्सिमीटर ठेवा.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारी सेवा, हे नाव ऐकून घाबरू नका, त्याचा अर्थ उपचार थांबवले असा नाही. फुप्फुसाचा कॅन्सर अंगात पसरलेल्या पेशंटवरच अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला होता, पहिल्यापासून ही सेवा जोडलेले पेशंट बरे राहिले आणि सरासरी जास्त जगलेही. दुखणं, दम, झोप, भूक यासाठी पहिल्याच भेटीत या सेवेच्या डॉक्टरांचं नाव मागा.

आईचं म्हणाल तर परळला उतरल्यावर पाट्या वाचूनच कळेल त्यांना, माझ्या वॉर्डातल्या बहुतेक माऊल्यांना आधीच कळलेलं असतं, त्या पोरांसाठी गप्प बसतात. निघायच्या आधी घरी, भाऊ आणि तुम्ही दोघं जवळ असताना सांगा. सगळं एकदम नको, त्या विचारतील तेवढं आणि खरं. पेट स्कॅनला उपाशी ठेवतात, सुया लागतात, गोळीने जुलाब होतात, अंगावर पुरळ येतं, हे त्यांना सोसायचंय, तर कशासाठी ते त्यांना माहीत पाहिजे. आणि मुंबईला जायचं की संभाजीनगरला, हेही त्यांना विचारा, तुम्ही तिघांनी अजून ते विचारलेलं दिसत नाही.