किंग्ज आयलंडची 'द बॅट' फसली म्हणायची का?

सांधेवाला
अमेरिकेत ओहायोतल्या किंग्ज आयलंड मनोरंजन पार्कात १९८१ ला 'द बॅट' ही रोलर कोस्टर राईड सुरू झाली. ती बांधणाऱ्या ॲरो कंपनीची कल्पना अशी, की रूळ डोक्यावर आणि डबे खाली टांगलेले, वटवाघळासारखे. वळणावर ते झोपाळ्यागत बाहेर झुलायचे. चालली जेमतेम तीन हंगाम, त्यातही बराच काळ बंद. १९८३ नंतर संपलीच. तरी तिला फसलेली म्हणणं मला पटत नाही. १९८४ ला ॲरोनेच बुश गार्डन्स पार्कात तशीच झुलती 'बिग बॅड वुल्फ' उभारली, ती २००९ पर्यंत धावली. 'बॅट'शिवाय ती जमली असती?

खडूस_काका
जमली असती. चूक कळायला अख्खी राईड बांधावी लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. वळणावर रूळ सपाट ठेवले होते हो! आपल्या घाटातला रस्तासुद्धा वळणाला बाहेरून उचललेला असतो.

सांधेवाला
काका, डबा आपोआप झुलतोय तर रुळाला उतार कशाला, असं वाटलं असेल. ऐकायला तरी बरोबर वाटतं.

नटबोल्ट
मधे पडतो. डबा झुलला की आत बसलेल्याला आडवा धक्का कमी लागतो, खरं आहे. पण वर चाकं रुळाला कडेने रेटतातच आणि तो जोर सांगाड्यावर जातो. झोका आवरायला शॉक ॲब्सॉर्बर होते, तेही झिजायचे. थोडक्यात, माणूस मजेत, लोखंडाचे हाल. पुढच्या राईडींत रूळच कलते केले.

खडूस_काका
म्हणजे माझंच म्हणणं. शिकले ते तिकीट काढून आलेल्यांच्या जिवावर.

सिनसिनाटीकर
पार्कने तरी ॲरोला कुठे सोडलं? 'बॅट'चंच स्टेशन वापरून १९८७ ला त्यांच्याकडूनच 'व्होर्टेक्स' बांधून घेतली, सहा कोलांट्यांची. २०१९ ला ती बंद व्हायच्या आधी लेकीला घेऊन गेले होते. रांगेत तिला 'बॅट'ची सगळी कथा सांगितली. तिचं लक्ष आइस्क्रीमच्या गाडीकडे. आणि २०१४ ला तिथल्याच दुसऱ्या झुलत्या राईडला 'द बॅट' नाव दिलं. फसलेल्याचं नाव कोण पुन्हा लावतं?

खडूस_काका
आमच्या आजोबांचं नाव मला ठेवलंय. त्यांनी तीन धंदे बुडवले होते.

नटबोल्ट
:) ती राईडही ॲरोचीच, १९९३ची, सुरुवातीला 'टॉप गन' म्हणायचे. वळणावर रूळ कललेले आहेत काका, बिनधास्त बसा.