अमेरिकेतल्या गव्हर्नरला 'राज्यपाल' म्हणायचं का?

धागाकर्ती:
आम्ही ओहायोत राहतो, इथे चौथीला राज्याचा इतिहास असतो आणि लेकाला सुरुवातीच्या गव्हर्नरांवर प्रोजेक्ट आहे. तो साताऱ्यातल्या आजीला मराठीतून सांगायचा म्हणून मी लिहून देत होते, "ओहायोचे पहिले राज्यपाल डॉ. एडवर्ड टिफिन, १८०३", तर आईने लगेच विचारलं, मग मुख्यमंत्री कोण होते? मी गप्पच झाले. मुख्यमंत्री नव्हतेच ना, जे काय होते ते टिफिनच. मग शब्द कुठला वापरू?

नागपूरकर:
आईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्याकडे राज्यपाल म्हटलं की राष्ट्रपतींनी नेमलेला माणूस, कारभार मुख्यमंत्र्यांचा. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यपाल श्रीप्रकाश आणि कारभारी यशवंतराव, लोकांच्या लक्षात कोण राहिलं ते बघा. टिफिन निवडणूक जिंकून आले होते, त्यामुळे सरळ गव्हर्नर लिहा, हा शब्द मराठीत इंग्रजांच्या काळापासून रुळलाय.

जुना वाचक:
थोडं वेगळं मत. टिफिनच्या आधीचे आर्थर सेंट क्लेअर बघा, ओहायो राज्य व्हायच्या आधी तो सगळा वायव्य प्रदेश होता आणि त्याचे गव्हर्नर म्हणून यांना १७८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नेमलं, लोकांनी निवडलं नाही. विधिमंडळाचं अधिवेशन बोलावणं, स्थगित करणं, विसर्जित करणं हे त्यांच्या हातात, शिवाय कुठलंही विधेयक कायमचं अडवता यायचं. हे अधिवेशनाचे शब्द आपल्या राज्यपालांच्या कलमातही आहेत, फक्त आपल्याकडे मंत्रिमंडळाचा सल्ला लागतो. शेवटी १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसननी त्यांना काढून टाकलं. वरून नेमणूक, वरूनच उचलबांगडी, म्हणजे सेंट क्लेअरना राज्यपाल म्हटलं तर मला चालेल, मुघली काळात असते तर सुभेदारच म्हणाले असते.

आणि लोकांनी त्याचा इतका धसका घेतला की १८०२ च्या राज्यघटनेत नव्या गव्हर्नरला नकाराधिकार दिलाच नाही, न्यायाधीशसुद्धा विधिमंडळ नेमणार. तो अधिकार गव्हर्नरला मिळायला १९०३ उजाडलं, शंभर वर्षं! म्हणजे इंग्रजीत शब्द तोच राहिला पण पद पार बदललं, आणि आपण दोघांना राज्यपाल म्हटलं की नेमकी हीच गोष्ट पुसली जाते.

नागपूरकर:
हे पटलं. मूळ अर्थ बघितला तर लॅटिनमध्ये गुबर्नातोर म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा. आपला कर्णधार तंतोतंत तोच, संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणूसुद्धा. पण तो शब्द आता क्रिकेटवाल्यांनी नेला, परत आणणं अवघड आहे.

धागाकर्ती:
कर्णधार ऐकून लेक खूश झाला! अजून एक अडलंय, १८०७ मध्ये टिफिन अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य झाले म्हणून राजीनामा दिला, तेव्हा उपगव्हर्नर हे पदच नव्हतं, म्हणून राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष थॉमस किर्कर यांनी काम बघितलं. पुढच्या निवडणुकीत मेग्ज नावाचे उमेदवार जिंकले होते पण रहिवासाच्या अटीत अडकले, त्यामुळे किर्करच १८०८ संपेपर्यंत राहिले. यांना काळजीवाहू म्हणू का?

जुना वाचक:
नको. काळजीवाहू म्हणजे मुदत संपलेलं किंवा राजीनामा दिलेलं सरकार, जे नवीन येईपर्यंत स्वतःच थांबतं. किर्कर दुसऱ्याच्या जागी बसले होते, कार्यवाहक म्हणा. हंगामी पण चालेल, फक्त हंगाम पावणेदोन वर्षं चालला.

धागाकर्ती:
मग असं लिहिते, "आधी वरून नेमलेले राज्यपाल सेंट क्लेअर, मग लोकांनी निवडलेले गव्हर्नर टिफिन, मग कार्यवाहक गव्हर्नर किर्कर." आईला आत्ताच वाचून दाखवलं, म्हणाली आता कळलं, म्हणजे टिफिन तुमचे यशवंतराव.