मिल्कवीड लावा, पण कोणतं?
मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या मिल्कवीड या झाडाचीच पानं खातात, म्हणून ‘मिल्कवीड कुठलंही लावा, मोनार्क येतातच’ असं म्हणतात. येतात हे खरं. पण ह्यूस्टनजवळच्या आमच्या वसाहतीत सगळ्यांनी नर्सरीतून आणलं ते लाल-पिवळ्या फुलांचं, म्हणजे आपलं हळदीकुंकूच. इथल्या सौम्य थंडीत ते वाळत नाही, मग त्याच पानांवर ‘ओई’ या परजीवीचे बीजाणू साठत जातात आणि अळ्यांच्या पोटात जातात. गेल्या वर्षी कोशातून निघालेल्या एका फुलपाखराचे पंख चुरगळलेलेच राहिले. दुपारभर ते कुंडीचा काठ धरून होतं. फार वाईट वाटलं.

आता ऑक्टोबर ते फेब्रुवारी आम्ही ही झाडं 6 इंचांवर छाटून ठेवतो. नवीन लावायचं तर टेक्सासचं देशी मिल्कवीडच, ते थंडीत आपसूक सुकतं. आणि रोप घेताना कीटकनाशक मारलंय का, हे आधी विचाराच.