कन्सोलची चिप म्हणजे नुसता स्वस्तातला पीसी?

सोल्डरवाला

परवा इथेच एकाने ठणकावून लिहिलं, "कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनच्या) चिपमध्ये आता बोलण्यासारखं काही उरलं नाही, डब्यात एएमडी या चिप कंपनीचा पीसीच आहे, पुढच्या वेळी चार कोअर वाढवून नवीन म्हणून विकतील." तेव्हापासून डोक्यात जातंय, म्हणून वेगळा धागा.

सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) घ्या. सीपीयू म्हणजे मुख्य प्रोसेसर एएमडीचा झेन २, आठ कोअर, ३.५ गिगाहर्ट्झ, त्यात नवल नाही, मान्य. पण एसएसडीवरून सेकंदाला ५.५ जीबी डेटा येतो तो कॉम्प्रेस केलेला असतो आणि तो उलगडायला चिपमध्येच वेगळा भाग बसवलाय. पीएस५ची रचना करणाऱ्या मार्क सर्नीने मार्च २०२०च्या भाषणात सांगितलं होतं की हे काम सीपीयूवर टाकलं तर झेन २चे नऊ कोअर लागतील. अख्ख्या मशीनमध्ये आहेत आठ! शिवाय १६ जीबी मेमरी सीपीयू आणि जीपीयूची (चित्र काढणाऱ्या भागाची) सामाईक, पीसीसारखा डेटा इकडून तिकडे वाहायचा नाही.

पुढची दिशापण तीच. नोव्हेंबर २०२४ला पीएस५ प्रो आला, सीपीयू तोच, क्लॉक जरासा वाढवला, खरा खर्च केला रे-ट्रेसिंगवर (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्यावर) आणि मशीन लर्निंगने चित्र मोठं करण्यावर. ऑक्टोबर २०२५ला सर्नी आणि एएमडीचे जॅक हुइन यांनी पुढच्या चिपसाठी तीन गोष्टी सांगितल्या: मशीन लर्निंगसाठी न्यूरल अ‍ॅरे, रे-ट्रेसिंगसाठी रेडियन्स कोअर आणि मेमरीत जाणारा डेटा दाबायला युनिव्हर्सल कॉम्प्रेशन. तेव्हा ते सिम्युलेशनमध्येच होतं, पण तिन्हीत सीपीयूचं काहीच नाही. ठरलेल्या कामाला ठरलेला कारागीर, कन्सोलची चिप याच वाटेने जाणार आणि जायलाच हवी.

रात्रपाळी

ठरलेल्या कामाला ठरलेला कारागीर, हे वाक्य मी २००६लाच ऐकलंय. तेव्हा त्याचं नाव सेल होतं. आयबीएम, सोनी, तोशिबा तिघांनी मिळून केलेली पीएस३ची चिप, एक मुख्य कोअर आणि भोवती आठ एसपीई, म्हणजे छोटे मदतनीस कोअर. त्यातला एक उत्पादनात खराब निघेल म्हणून बंद, एक सिस्टिमने राखून ठेवलेला, गेमला उरले सहा. प्रत्येकाला मेमरी किती, तर २५६ केबी. कोड, डेटा, स्टॅक सगळं त्यात कोंबायचं.

मी तेव्हा पुण्यात एका छोट्या स्टुडिओत होतो. पात्रांच्या अ‍ॅनिमेशनचा कोड एसपीईवर न्यायचं काम माझ्याकडे. भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डवर २५६ चौकोन काढले होते, एक चौकोन म्हणजे एक केबी, रोज पुसायचे आणि रोज नव्याने भरायचे. एका रात्री मशीन सारखं अडकत होतं, पहाटे चारला सापडलं की मेमरीतला एक पत्ता एसपीईला लागतो तसा १६च्या पटीत नव्हता, चार बाइटने सरकलेला. त्या पायी पोराच्या बारशाला उशिरा पोचलो. तेच काम मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०च्या तीन सरळ कोअरवर दुपारपर्यंत झालं होतं.

म्हणून सांगतो, साधी चिप हीच चांगली चिप. कारागीर वाढवले की त्यांच्या मागे धावायला माणूस लागतो.

सोल्डरवाला

रात्रपाळी, तुमचा त्रास खरा आहे पण उदाहरण उलटं लावताय. सेलमध्ये सगळा भार प्रोग्रामरवर होता. पीएस५चा डीकॉम्प्रेसर तुम्हाला दिसतसुद्धा नाही, फाइल मागितली की उलगडलेली मिळते. फरक एवढाच आहे आणि तोच सगळ्यात मोठा आहे.

वऱ्हाडी ठेचा

तुम्ही दोघंही चिपचं बोलताय, डिस्कचं कोण बोलणार? सेलच्या आगाऊपणापायी पीएस३चे गेम पीएस५वर थेट चालतच नाहीत, फक्त स्ट्रीमिंग, म्हणजे गेम सोनीच्या सर्व्हरवर चालणार आणि आपल्याकडे नुसतं चित्र येणार. आणि भारतात प्लेस्टेशन प्लसचा जो डीलक्स प्लॅन मिळतो त्यात स्ट्रीमिंगच नाही. मग आपण काय करायचं?

माझ्याकडे त्या काळातल्या २७ डिस्क आहेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मोठा भाऊ आणि मी अकोल्याच्या उन्हाळ्यात, कूलरसमोर मशीन ठेवून खेळायचो, पंधरा मिनिटं तो, पंधरा मिनिटं मी, मध्ये लाइट गेली तर वेळ ज्याची त्याच्या नावावर. भाऊ आता नाही. मशीन दोन वर्षांपूर्वी गेलं. सेव्ह फाइलमध्ये त्याचं नाव होतं.

बिनतारी

वाईट वाटलं वाचून. पण पीसीवर पीएस३ची नक्कल करणारं आरपीसीएस३ आहे ना, फुकट आहे, बरेच गेम नीट चालतात. डिस्क वाया गेल्या नाहीत.

वऱ्हाडी ठेचा

अरे भाऊ मी काहून पीसी घेऊ? एकदा पैसे मोजलेत ना! आणि एक्सबॉक्स ३६०ची चिपपण सेलच्या मुख्य कोअरसारखी पॉवरपीसी जातीचीच होती, तरी २०१५पासून ते गेम नव्या एक्सबॉक्सवर चालवून दाखवले. म्हणजे मन असलं की होतं.

रात्रपाळी

सगळं मनावर नसतं. तीन सरळ कोअरची नक्कल करणं आणि सहा एसपीईची वेळ जुळवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी त्या चिपवर दोन वर्षं घालवलीत, मला शिकवू नका. पण ठेचा, हे तुमच्या बाजूचंच निघतं, विचित्र चिपचं बिल वीस वर्षांनी गिऱ्हाइकाला येतं. सोल्डरवाला, उद्या न्यूरल अ‍ॅरेवर बेतलेला गेम २०४५ला कुठे चालवणार, याचं उत्तर द्या.

सोल्डरवाला

निंटेंडोचा स्विच २ बघा. आत एनव्हिडियाची, मोबाइलमध्ये असते तशा आर्म जातीची चिप, १२ जीबी मेमरी, जीपीयू जुन्या स्विचपेक्षा वेगळा. तरी जुने बहुतेक गेम चालतात, कारण जुन्याच्या सूचना चालता-चालता नव्यात बदलल्या जातात. प्रोग्रामरने लायब्ररीतून (कंपनीने दिलेल्या तयार कोडमधून) काम केलं असेल तर खालचं सिलिकॉन बदलता येतं. सेलवर तुम्ही थेट सिलिकॉनशी बोलत होता.

बिनतारी

मला वेगळीच धास्ती आहे. पीएस२ अमेरिकेत २०००ला २९९ डॉलरला आला, २००९ला ९९वर उतरला, कारण चिप दरवेळी लहान आणि स्वस्त होत गेली. पीएस५ २०२०ला ४९९ होता, ऑगस्ट २०२५ला ५४९ झाला. आपल्याकडे ४९,९९०चा ५४,९९० झाला. पाच वर्षांनी मशीन महाग होतं, हे आधी कधी ऐकलं होतं? ट्रान्झिस्टर आता पूर्वीसारखा स्वस्त होत नाही, मग प्रत्येक नवीन कारागिराची जागा आपल्याच खिशातून जाणार.

सोल्डरवाला

हे खरंय, आणि मी ते धरलं नव्हतं. पण म्हणूनच तर म्हणतोय, जागा महाग आहे तर ती दहा ठिकाणी उपयोगी पडणाऱ्या भागाला द्या.

रात्रपाळी

नऊ कोअरचा मुद्दा मान्य. बाकीचं अजून पटलेलं नाही. ठेचा, ते गेलेलं मशीन फेकलंय की घरात आहे? हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू नका, फॉरमॅट करायला सांगेल. बोर्ड दुरुस्त होतो का ते आधी बघू. व्यनि (खासगी निरोप) करा, पुण्यात माझ्या ओळखीचा एक जण अजून हे काम करतो.

वऱ्हाडी ठेचा

घरातच आहे, चादरीत गुंडाळून ठेवलंय. व्यनि केलाय.