एलएचओएन (डोळ्याच्या नसेचा लेबरचा आनुवंशिक आजार): धाकट्या भावाची नजर गेली, अनुभव असलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. मी थोरली बहीण; धाकटा भाऊ बावीस वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. दिवाळीनंतर त्याला उजव्या डोळ्याने मधोमध धूसर दिसू लागलं. दुखणं नाही, लाली नाही. तुटलेलं सूत दिसेना म्हणून बोटांनी चाचपून गाठ मारायचा, पण घरी बोलला नाही. दोन महिन्यांत डावा डोळाही तसाच झाला. आता कडेचं दिसतं, समोरचं नाही. बोलताना माझ्या कानाकडे बघतो, तेव्हा कुठे चेहरा जरा कळतो म्हणे.

आधी डोळ्याच्या नसेला सूज म्हणून सलाईनमधून स्टिरॉइड दिलं, फरक शून्य. मग हैदराबादला नेलं. रक्ताच्या जनुकीय तपासणीत हा लेबरचा आजार, म्हणजे एलएचओएन निघाला, डीएनएत ११७७८ या जागी बदल. दोष मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाच्या) डीएनएमध्ये, आणि तो आईकडूनच येतो. हे ऐकल्यापासून आईचं जेवण तुटलंय. तिच्या थोरल्या भावाचेही डोळे पंचविशीत असेच गेले होते. सगळ्यांनी तंबाखूला दोष दिला, मामाही शेवटपर्यंत तेच मानत राहिले. तंबाखू-दारूने धोका वाढतो हे खरं, पण मूळ रक्तातच होतं.

डॉक्टरांनी या आजारावरचं आयडेबेनोन हे औषध लिहून दिलंय, रोज ९०० मिलिग्रॅम. युरोपात त्याला २०१५ पासून मान्यता आहे. इथे कुणी घेतलंय का? कुठून मागवलं, महिन्याला किती खर्च, किती दिवसांनी फरक जाणवला? दिव्यांग प्रमाणपत्राला किती हेलपाटे पडतात? आणि टॉकबॅकवर (फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय) मराठी नीट ऐकू येतं का? त्याला कामाला लागायचंय, घरात बसून तो खचतोय.

माझंही एक आहे. मला नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. भावाच्या रिपोर्टवर होमोप्लाझ्मिक लिहिलंय, म्हणजे त्याच्या सगळ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत हा बदल आहे; तेव्हा तो माझ्यातही असणार आणि दोन्ही लेकरांतही. असला तरी प्रत्येकाची नजर जातेच असं नाही, मुलींना धोका मुलांपेक्षा बराच कमी. मग मुलाला हे कधी सांगायचं? मिसरूड फुटल्यावर, की आत्ताच, गोष्टीसारखं? ज्यांनी आपल्या मुलांना सांगितलंय त्यांनी कृपया लिहा.

आणि अशा मुलाची एखादी आई इथे असेल तर माझ्या आईशी फोनवर बोलाल का? माझ्या समजावण्याने तिचं समाधान होत नाही. मला व्यक्तिगत निरोप करा, फोन मीच लावून देईन. तेलुगू येत असेल तर फारच बरं, आई त्यात मोकळी होते.