तीन पानं म्हणजे तीन नमुने नव्हेत: केळीवरचा हरण्या आणि 'लक्षणीय' जनुकांच्या याद्या

तापीकाठ
हरण्यानं, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसनं, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीचं काय केलंय ते इथल्यांना सांगायला नको. त्यामुळे या रोगावर कुणी जनुकांच्या पातळीवर काम करतंय म्हटलं की बरं वाटतं. पण कामाचा आराखडा हातात आला की बहुतेक वेळा असा असतो: एका रोगट झाडाची तीन पानं, एका निरोगी झाडाची तीन पानं, सहा नमुन्यांचं आरएनए सिक्वेन्सिंग (कुठलं जनुक किती चालू आहे ते मोजणं), आणि शेवटी 'लक्षणीय फरक' असलेल्या शेकडो जनुकांची यादी.

माझं मत स्पष्ट आहे. ही रोगट विरुद्ध निरोगी अशी तुलनाच नाही. एका झाडाची दुसऱ्या एका झाडाशी तुलना आहे. गटातल्या गटात झाडाझाडांत जेवढा फरक असतो, त्याच्या मानानं दोन गटांमधला फरक मोठा आहे का, हे संख्याशास्त्राची चाचणी तपासते. एकाच झाडाची पानं एकमेकांशी जुळणारच. मग गटातला फरक खोटा लहान दिसतो आणि वाटेल ते जनुक लक्षणीय ठरतं.

त्यात जनुकांची संख्या. २०१२ साली केळीचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात ३६ हजारांहून अधिक प्रथिनं बनवणारी जनुकं मोजली गेली. रोगाचा काडीचाही परिणाम नसला तरी पी-किंमतीला (खरा फरक नसताना इतका फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) ०.०५ ची मर्यादा लावून १,८०० च्या आसपास जनुकं निव्वळ योगायोगानं 'लक्षणीय' निघतील. यावर यादीतल्या खोट्या जनुकांचं प्रमाण आवरणारी बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ सालची दुरुस्ती सगळेच लावतात, आणि लावायलाच हवी. पण मुळातली पी-किंमतच चुकीच्या फरकावरून काढलेली असेल तर ही दुरुस्ती काय करणार?

प्रत्येक गटात किमान सहा वेगवेगळी झाडं नसतील तर 'लक्षणीय' हा शब्द छापू नये.

जीवशास्त्र_धुळे
एका झाडाच्या तीन पानांबद्दल तुमचं शंभर टक्के पटतं. सहाची अट पटत नाही.

तीन झाडं खरोखर वेगळी असतील तर डीसेक२, एजआर, लिमा ही संगणकावरची विश्लेषणाची साधनं त्यासाठीच आहेत. एका जनुकाच्या तीन आकड्यांवरून चढउताराचा अंदाज कच्चा येतो, म्हणून ती हजारो जनुकांचा अंदाज एकत्र पाहून प्रत्येकाचा अंदाज सावरतात. आपल्याकडच्या महाविद्यालयांत सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यावं लागतं, पैसे मोजून. सहाची अट घातलीत तर मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळा तेवढ्या काम करतील आणि खान्देशाच्या केळीवर खान्देशात कुणीच काही करणार नाही. तीनवर यादी काढा, पुढे क्यूपीसीआरनं, म्हणजे एकेक जनुक वेगळं मोजून, खात्री करा. यात चूक काय?

तापीकाठ
भाऊ, क्यूपीसीआर बहुतेक जण त्याच आरएनएवर करतात. मग एवढंच सिद्ध होतं की मशीननं बरोबर मोजलं होतं. फरक रोगामुळे आहे का, याचं उत्तर नव्या झाडांवरच मिळतं.

सहाचा आकडा मी मनानं काढलेला नाही. २०१६ साली यीस्टवर एक मोठा अभ्यास झाला, दोन्ही गटांत प्रत्येकी ४८ नमुने घेऊन. तीनच नमुने घेतले तर बहुतेक साधनांना खऱ्या फरकाच्या जनुकांपैकी २० ते ४० टक्केच सापडली. किमान सहा घ्या, हा सल्ला तिथला. आणि ते प्रयोगशाळेतलं यीस्ट होतं, उघड्या बागेतली केळी नव्हे.

जीवशास्त्र_धुळे
म्हणजे तीनवर बरंच निसटतं. सापडतं ते खोटं असतं, असं नाही ना सिद्ध होत? निसटण्याच्या भीतीनं हाती लागलेलंही टाकून द्यायचं?

आकडेमोड
दोघांनाही सांगतो, डीसेक२सारखी मॉडेलं सोडा आणि विल्कॉक्सन, म्हणजे आकड्यांचे फक्त क्रम बघणारी चाचणी, वापरा. २०२२ साली माणसांच्या मोठ्या नमुन्यांवर दाखवलं गेलं की गटांची नावं सरमिसळ केली तरी डीसेक२ आणि एजआर भरपूर 'फरक' शोधतात. यादीत ५ टक्के खोटी जनुकं चालतील असं ठरवलं असताना प्रत्यक्षात त्यांचं प्रमाण काही वेळा २० टक्क्यांच्याही वर गेलं. विल्कॉक्सन टिकली. नंदुरबारकडे सिकलसेलच्या शेकडो रुग्णांचं रक्त घेऊन कुणी काम करणार असेल तर मी हीच चाचणी सुचवीन.

तापीकाठ
शेकडो माणसं असतील तर हरकत नाही. पण तीन विरुद्ध तीनमध्ये क्रम लावायचे प्रकारच २० होतात. सगळे रोगट वर आणि सगळे निरोगी खाली, इतका स्वच्छ फरक असला तरी पी-किंमत ०.१ च्या खाली जात नाही. केळीच्या या कामात ती चाचणी मुकी आहे.

आणि रक्ताचं म्हणाल तर सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून रक्तात कोवळ्या पेशींचं प्रमाण वाढतं. एखादं जनुक जास्त दिसलं ते पेशीत वाढलं म्हणून, की त्या प्रकारच्या पेशीच जास्त आहेत म्हणून? हे कुठलीही चाचणी आपोआप सांगत नाही.

यावलचा_बागायतदार
मला तुमच्या चाचण्या कळत नाहीत, पण बागेतलं सांगतो. हरण्याचं झाड दिसलं की आम्ही उपटून लांब नेऊन टाकतो, मावा (रस शोषणारी कीड) रोग पसरवायला नको म्हणून. मग नमुना घेणाऱ्याला रोगट झाड मिळतं ते उशिरा कळलेलं, नाहीतर हयगय केलेल्या बागेतलं. निरोगी झाड तो घेतो चांगल्या बागेतून. एक मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड), एक कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) असलं तर वयातच तीन-चार महिन्यांचा फरक. खत वेगळं, ठिबकचं पाणी वेगळं. आणि निरोगी दिसणारं झाड निरोगीच असतं असंही नाही.

एक विचारतो. टिश्यूकल्चरची रोपं सगळी एकाच वाणाची, एकसारखी. मग झाडाझाडांत फरक येतो कुठून?

तापीकाठ
दादा, या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं तुम्ही लिहिलंत. रोपं एकसारखी म्हणजे जनुकं एकसारखी. कुठलं जनुक किती चालू आहे ते ऊन, पाणी, वय, लागण कधी झाली, पान दिवसाच्या कुठल्या वेळी तोडलं, यावर हलतं. रोगट सगळी मृगबागेतली आणि निरोगी सगळी कांदेबागेतली असतील, तर यादी रोगाची की वयाची हे साठ झाडं घेऊनही सांगता येणार नाही.

जीवशास्त्र_धुळे
हे मान्य, आणि म्हणूनच माझा मुद्दा उलट पक्का होतो. संख्येपेक्षा जोडी महत्त्वाची. एका बागेतलं एक रोगट आणि त्याच ओळीतलं, त्याच लागवडीचं एक निरोगी. अशा चार बागा, चार जोड्या, मॉडेलमध्ये बाग हा घटक धरायचा. तुमच्या सहा सुट्या झाडांपेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवीन. निरोगी झाडाची विषाणूसाठी चाचणी मात्र आधी करायची.

तापीकाठ
जोड्या हव्यातच. पण चारवर थांबायचं कारण पैसे असतील तर प्रत्येक नमुन्यातले रीड्स (मशीननं वाचलेले आरएनएचे तुकडे) कमी करा आणि त्या पैशात दोन बागा वाढवा. फरक शोधायला खोल वाचन करण्यापेक्षा नमुने वाढवणं जास्त उपयोगी पडतं. सहा जोड्या बसतील.

जीवशास्त्र_धुळे
रीड्स कमी केले की कमी चालणारी जनुकं हातची जातात, आणि रोगप्रतिकाराची बरीच जनुकं तशीच असतात. मी चारवरच राहीन आणि वाचन खोल ठेवीन. यादीशेजारी कुठलं झाड, कुठली बाग, किती वयाचं, याचा तक्ता छापीन. 'लक्षणीय' शब्दही वापरीन.

यावलचा_बागायतदार
चार घ्या की सहा, पावसाळी ढगाळ हवा लागली की या. पण आधी कळवा, नाहीतर झाड उपटलेलं असेल.