मदत हवी आहे: उपग्रह-चित्रांतून हिऱ्यांचे खड्डे ओळखण्याबाबत

नमस्कार. मी नागपुरात भूशास्त्राचे संशोधन करीत असून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील हातखोदाईने चालणाऱ्या हिरे-खाणींचा विस्तार संघर्षाच्या काळात कसा बदलला, हा माझा विषय आहे. २०१३ साली तेथील सत्तापालटानंतर किंबर्ली प्रक्रियेने (संघर्षाला पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांचा व्यापार रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने) त्या देशाची कच्च्या हिऱ्यांची निर्यात थांबवली. परंतु नदीकाठच्या गाळातील खडी फावड्याने उपसून चाळणीवर धुणाऱ्या माणसांचे पोट त्याच खड्ड्यांवर होते, त्यामुळे खोदाई थांबली नाही. तेथे प्रत्यक्ष जाणे धोक्याचे असल्याने माझी सारी भिस्त उपग्रह-चित्रांवर आहे.

अडचण अशी की सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका १० मीटरचा, आणि खड्डे बहुधा त्याहून लहान असतात. सरावासाठी मी कन्हानच्या पात्रातील रेतीचे खड्डे तपासले, तेव्हा गढूळ पाण्याचे डबके आणि नुकतीच नांगरलेली ओली जमीन यांत माझी वारंवार गल्लत झाली. पावसाळ्यात तर ढगांमुळे काहीच दिसत नाही.

ढगांतूनही जमीन टिपणाऱ्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार-चित्रांवर ज्यांनी काम केले आहे, त्यांनी असे लहान खड्डे वेगळे काढण्याची पद्धत कृपया सांगावी. त्या देशाचे फ्रेंच भाषेतील भूशास्त्रीय नकाशे वाचू शकणारे कोणी असल्यास तेही हवे आहेत. खड्ड्यांची नेमकी स्थाने मात्र मी कोणालाही देणार नाही, कारण तेथे राबणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.